कॅलिक्युलस: कळी की कळशी?

फोंड्याच्या एका शिक्षिकेनं विचारलंय की बॉटनीच्या पुस्तकात 'कॅलिक्युलस' शब्द एकदा आय घालून (caliculus) आणि एकदा वाय घालून (calyculus) छापलाय, तर बरोबर कुठला, आणि मराठीत 'चषकिका' लिहिलं तर चालेल का.

चषकिका नको हो! चषक म्हटला की गावच्या फुटबॉल टुर्नामेंटचा कप डोळ्यापुढे येतो. अर्थ काय ते तुम्हाला ठाऊकच आहे, झाडाच्या नाहीतर प्राण्याच्या अंगावरची बारीक वाटीसारखी रचना, त्यात वेळ घालवत नाही. (आणि मोबाइल त्याचं 'कॅल्क्युलस' करतो तिकडे लक्ष ठेवा, तो म्हणजे खडा.)

मला चीड येते ती वेगळ्याच गोष्टीची. नेचर वॉकला गेलं की कुणीतरी जास्वंदीचं फूल उलटं धरून सांगतंच, हा हिरवा भाग कॅलिक्स, कारण ग्रीकमध्ये कॅलिक्स म्हणजे कप. साफ चूक. कप तो लॅटिनमधला, आयवाला. चर्चमधल्या मिसाला, म्हणजे प्रार्थनेला, पाद्री वाइनचा पेला वर उचलतात तो पोर्तुगीज 'कालिस' त्याच्यातूनच आला. फुलाचा कॅलिक्स ग्रीक आहे, वायवाला, आणि त्याचा अर्थ कळीवरचं वेष्टन. देवनागरीत दोन्ही सारखेच दिसतात तो आपला नाइलाज, पण घोळ लॅटिन लिहिणाऱ्यांनीच घालून ठेवला आणि पोर्तुगीजांनी तर त्यावर शिक्काच मारला, त्यांचा कालिस वाइनचाही आणि फुलाचाही.

आता खरी गंमत. एकोणिसाव्या शतकातल्या युरोपियन कोशकारांनी लॅटिन कॅलिक्सच्या शेजारी आपला संस्कृत कलश आणून ठेवला होता, आणि ग्रीक कॅलिक्सच्या शेजारी कलिका, म्हणजे आपली कळी. नंतरचे भाषाशास्त्रज्ञ नाकं मुरडतात, ध्वनिनियम, म्हणजे उच्चार बदलण्याचे ठरावीक नियम, बसत नाहीत म्हणे, कलश हा कुठूनतरी उसना आलेला शब्द असेल म्हणे. असेल! पण भांड्यांची नावं भांड्यांबरोबरच फिरतात, आमच्या गोव्यात पोर्तुगीज 'कोपु'चा, म्हणजे पेल्याचा, कोप झाला तो काय ध्वनिनियम विचारून झाला? माझं मत विचाराल तर जोडी पक्की आहे, आयवाला तो कलश आणि वायवाली ती कळी. आणि 'उलस' हा लॅटिनचा लहानपणा दाखवणारा प्रत्यय, म्हणजे आयवाला कॅलिक्युलस झाला छोटा कलश, आणि छोट्या कलशाला आपण काय म्हणतो, कळशी! विहिरीवर रोज भरायचो ती. एवढा सरळ शब्द घरात असताना चषकिका कशाला घडवायची?

कळी आणि कळशीचा हा गोंधळ जिभेवरही आहे. 1867 साली जर्मनीच्या श्वाल्बे आणि स्वीडनच्या लोवेन यांनी एकमेकांना न विचारता जिभेवरचे चव घेणारे बारीक अवयव शोधले. श्वाल्बेनं त्यांना नाव दिलं 'चवीचे पेले', अ‍ॅनाटॉमीच्या लॅटिनमध्ये त्याचं झालं कॅलिक्युलस, आय घालून. इंग्रजीवाल्यांनी त्याला कळी ('टेस्ट बड') म्हटलं आणि आपण त्यांच्या मागे जाऊन रुचिकलिका केलं. म्हणजे एकाच वस्तूला एकजण कळशी म्हणतो आणि दुसरा कळी!

किडनीचंही तेच, सोनोग्राफीच्या रिपोर्टात 'लोअर कॅलिक्समध्ये खडा' असं वाय घालून लिहितात, पण लघवी गोळा करणारी ती वाटीच आहे, अ‍ॅनाटॉमीची अधिकृत लॅटिन यादी तिथे आयच लावते. पोवळ्यातला जीव ज्या चुनखडीच्या वाटीत बसतो तीही आयवालीच. ग्रांद बेटाजवळ बुडी मारणाऱ्यांनी पोवळं नीट बघावं, आख्खी कळश्यांची उतरंड असते.

फुलाच्या कॅलिक्सला मराठी विश्वकोश 'संवर्त' म्हणतो. संवर्त म्हणजे पुराणातल्या प्रलयाचा मेघ, जास्वंदीच्या बुडाशी प्रलय कुणी आणला कोण जाणे. शाळेचं पुस्तक 'निदलपुंज' म्हणतं, ते निदान दिसतं तरी.

हां, तुमचा प्रश्न राहिलाच. बॉटनीत वायच लिहा. जास्वंदीला निदलपुंजाच्या खाली हिरव्या पात्यांचं आणखी एक कडं असतं किंवा आंब्यावरच्या बांडगुळाच्या फुलाला बुडाशी बारीक काठ असतो, तिथे कपाचा काही संबंध नाही, ती वेष्टनाची धाकटी बहीण, मुलांना 'छोटी खोळ' म्हणून सांगा. कळशी पोवळ्यासाठी ठेवा.