साईट सोडायची की साईटवरचं काम बदलायचं?

प्रश्न: मुलगा 22 वर्षांचा आहे, त्याला ऑटिझम आहे. सिव्हिलचा डिप्लोमा चांगल्या मार्कांनी पास झाला आणि वर्धा रोडवरच्या एका साईटवर ज्युनिअर सुपरवायझर म्हणून लागला. स्लॅबच्या दिवशी तो कान झाकून बाजूला उभा राहतो. मिस्त्री त्याला आखडू म्हणतात. घरी आला की बोलतच नाही. त्याचे बाबा म्हणतात, हे सोड आणि बँकेच्या परीक्षा दे. काय करावं? (एक आई, मानेवाडा, नागपूर)

उत्तर: ताई, इतक्यात बांधकाम सोडायला लावू नका. माप चुकलं, ड्रॉइंग कळलं नाही, अशी एकही तक्रार तुमच्या पत्रात नाही. त्याला जड जातोय तो साईटवरचा गोंगाट आणि तिथली बोलण्याची पद्धत, आणि या दोन्हींवर इलाज आहे.

स्लॅबचं काँक्रीट ओतताना ते दाबून बसवणारा व्हायब्रेटर, पंप आणि मुकादमाची आरडाओरड एकाच वेळी चालू असते. त्याला चांगले इअरमफ घेऊन द्या. मात्र ते घातले की रिव्हर्स येणाऱ्या ट्रान्झिट मिक्सरचा (काँक्रीट आणणाऱ्या गाडीचा) हॉर्नही नीट ऐकू येत नाही, म्हणून ते लावून गाडीच्या वाटेवर किंवा क्रेनखाली अजिबात थांबायचं नाही. त्याला बोलवायचं तर समोर येऊन हात वर करायचा, हे सोबतच्या माणसांशी आधीच ठरवून घ्यावं. मागून खांद्यावर थाप पडली तर तो दचकेल, आणि स्लॅबच्या कडेला दचकणं जिवावर बेतू शकतं.

आता सूचनांचं. ‘थोडं मोकळं ठेव’, ‘जरा बघून घे’ यातून त्याला काहीच हाती लागत नाही. ‘कॉलमला 40 एमएमचे कव्हर ब्लॉक, चारही बाजूंनी, मीटरला एक, झालं की फोटो पाठव’ असा व्हॉट्सअ‍ॅप आला, तर काम बिनचूक होईल (कव्हर ब्लॉक म्हणजे सळई आणि साच्यात अंतर राखणारे छोटे ठोकळे). उद्या कुठला मजला, काय काम, कोणासोबत, हे आदल्या संध्याकाळी कळावं. आरएमसीची (प्लांटमधून येणाऱ्या तयार काँक्रीटची) गाडी उशिरा येणं रोजचंच आहे. त्या वेळात काय करायचं तेही त्याच मेसेजात असावं. नुसतं ‘थांब, सांगतो’ ऐकून ताटकळण्यात तो कामापेक्षा जास्त थकतो.

नागपूरच्या उन्हाचं वेगळं सांगते. ऑटिझम असलेल्या काहींना तहान आणि अंगातली उष्णता वेळेवर जाणवतच नाही. मे महिन्यात पारा 45 च्या घरात असताना दर 20 मिनिटांनी मोबाईलचा अलार्म आणि ग्लासभर पाणी, हे ठरलेलंच असू द्या. हेल्मेटचा पट्टा टोचत असेल तर आत पातळ सुती टोपी चालेल. हेल्मेट काढणं चालणार नाही.

त्याच कंपनीत क्वालिटीचं, म्हणजे काँक्रीट तपासण्याचं, काम मिळतं का, हे त्याला विचारायला सांगा. काँक्रीटच्या नमुन्याचा 150 एमएमचा क्युब (चौकोनी ठोकळा) तीन थरांत भरायचा, प्रत्येक थराला 35 ठोके, दुसऱ्या दिवशी साचा काढून पाण्यात, मग 7 आणि 28 दिवसांनी टेस्ट. घाईत ठोके कमी पडले की क्युबमध्ये पोकळ्या राहतात, स्ट्रेंग्थ कमी दिसते आणि चांगल्या काँक्रीटवर आळ येतो. ठोके मोजून देणारा माणूस इथे फार मोलाचा. सळयांचं शेड्यूल, म्हणजे कुठल्या मापाच्या किती सळया लागतील याची यादी, काढण्याचं कामही आहे. पण ऑटिझम म्हणजे आकड्यात हुशार, असं धरून चालू नका. महिनाभर करून पाहू द्या.

साईटवर तुम्ही स्वतः जाऊ नका. तो सज्ञान आहे, कोणाला काय सांगायचं ते त्यानेच ठरवावं. प्रोजेक्ट मॅनेजरला निदान न सांगताही तीन गोष्टी लेखी मागता येतात: लेखी सूचना, इअरमफ, स्लॅबच्या दिवशी ठरलेली जागा. 2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात ऑटिझम आहे, आणि 20 किंवा जास्त कर्मचारी असलेल्या खासगी आस्थापनेलाही समान संधी धोरण ठेवावं लागतं. यूडीआयडी कार्डासाठी (दिव्यांगांच्या ओळखपत्रासाठी) स्वावलंबन पोर्टलवर अर्ज करून ठेवा. प्रमाणपत्रावर दिव्यांगत्व 40 टक्के किंवा जास्त आलं, तर सरकारी भरतीतल्या आरक्षणाला तो पात्र ठरतो.

हे बदल झाल्यावर महिनाभराने त्याची झोप आणि जेवण पाहा. सुधारलं नाही, तर ती साईट सोडू द्या आणि आधी मटेरियल टेस्टिंग लॅब किंवा आरएमसी प्लांटला अर्ज करायला सांगा. बँकेच्या काउंटरवरही गर्दी असते आणि अर्धवट बोलणारे ग्राहक असतात, हे त्याच्या बाबांनाही सांगा. आज मात्र त्याला समोर बसवून प्रश्न विचारू नका. दिवसातला कुठला तास सर्वांत जड जातो, एवढंच व्हॉट्सअ‍ॅपवर विचारा आणि उत्तराला दोन दिवस द्या.