पंखांची ऑर्डर देण्याआधी

पत्र : माझे यजमान ओझरच्या विमान कारखान्यात शीट मेटलच्या कामावर होते. निवृत्तीनंतर त्यांनी परदेशातून दोन आसनी विमानाच्या किटचा, म्हणजे घरी जोडायच्या सुट्या भागांच्या संचाचा, शेपटीचा भाग मागवला आणि पाथर्डी फाट्याजवळच्या आमच्या रो-हाउसच्या पार्किंगमध्ये तो जोडत आणला. आमची गाडी तेव्हापासून रस्त्यावर उभी असते. रिव्हेट म्हणजे पत्रे जोडणाऱ्या धातूच्या खिळ्या ठोकायला दोन माणसे लागतात, म्हणून रोज संध्याकाळी पत्र्याच्या मागून लोखंडी ठोकळा धरून मी बसते. शेजारच्या काकूंनी आवाजाची तक्रार केली, तीही मीच ऐकून घेतली. आता पंखांचे किट मागवायचे ठरले आहे आणि हे मला भाच्याच्या साखरपुड्यात नणंदेकडून कळले. त्यासाठी बँकेतली मोठी ठेव मोडावी लागेल. पुण्याचा मुलगा म्हणतो, “बाबांना करू दे.” मला मात्र झोप लागत नाही. एखाद्या रिव्हेटच्या वेळी माझा हात हलला आणि हे वर असताना पंखच सुटला तर? त्यांच्याकडे विमान चालवण्याचा परवानाही नाही, “शिकेन” म्हणतात. बहीण सांगते, तू ठोकळा धरणे सोड, काम आपोआप थांबेल. सध्या मनगट दुखते असे सांगून मी टाळते आहे. काय करावे?

— एक वाचक, नाशिक

ताई,

सर्वांत आधी ते मनगटाचे निमित्त सोडून द्या. तुमच्या बहिणीचा सल्ला मायेपोटी आलेला असला, तरी त्याने काम थांबणार नाही. यजमान एखाद्या जुन्या सहकाऱ्याला बोलावतील, गल्लीतल्या एखाद्या मुलाला ठोकळा धरायला शिकवतील, किंवा पंखासारख्या लांब भागावर एकट्यानेच हात पुरवण्याची धडपड करतील, आणि तुमचा खरा आक्षेप काय होता हे त्यांना कधीच कळणार नाही. ते फार तर मनगटाला लावायला मलम आणून देतील. हात काढून घ्यायचाच असेल, तर तसे तोंडाने सांगून काढून घ्या.

आता तुमच्या झोपेविषयी. तुम्ही ज्याला ठोकळा म्हणता त्या बकिंग बारवर रिव्हेटचा दांडा चेपला जातो आणि पत्र्याच्या आतल्या बाजूला त्याचे दुसरे डोके तयार होते. ते डोके दांड्याच्या व्यासाच्या साधारण दीडपट रुंद आणि व्यासाच्या निम्मे उंच असावे, असा सर्वसाधारण दंडक आहे. बार तिरका धरला गेला, तर डोके एका अंगाला झुकते, आणि हा दोष लपून राहत नाही. बोटाला लागतो, डोळ्याला दिसतो, गेजने मोजता येतो. असा रिव्हेट ड्रिलने काढून दुसरा घालतात, आणि हे तुमच्यादेखत अनेकदा झालेही असेल. शिवाय पत्र्याच्या एका सांध्यावरचा भार ओळीतले पुष्कळ रिव्हेट मिळून वाटून घेतात. तुमचा हात एकदा हलला म्हणून पंख सुटेल, ही भीती तुम्ही मनातून काढून टाकलीत तरी चालेल.

याचा अर्थ भीतीला जागाच नाही असा मात्र नाही. ती जागा वेगळी आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने २०१२ मध्ये घरी बांधलेल्या विमानांच्या अपघातांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात सर्वाधिक आढळलेली कारणे दोन होती : इंजिन किंवा त्याच्याशी जोडलेल्या यंत्रणेतला बिघाड आणि हवेत असताना वैमानिकाचा विमानावरचा ताबा सुटणे. यांतले बरेच अपघात विमानाच्या आयुष्यातल्या अगदी सुरुवातीच्या उड्डाणांत झाले होते. म्हणून यजमानांना रिव्हेटबद्दल विचारण्यापेक्षा हे विचारा की इंधनाच्या नळ्यांचे आणि इंजिनाचे काम कोण तपासणार, आणि पहिले उड्डाण कोण करणार. दुसऱ्या प्रश्नाला “मीच” असे उत्तर आले, तर तिथे मात्र अडून बसा. नव्याने शिकलेल्या माणसाने नव्याने बांधलेल्या विमानाची चाचणी घेऊ नये. ते काम त्या जातीच्या विमानांचा सराव असलेल्या अनुभवी वैमानिकाचे आहे.

तपासणीचा मुद्दा मला पैशांपेक्षाही महत्त्वाचा वाटतो. यजमानांचे हात तयार आहेत याबद्दल मला शंका नाही. ज्या कारखान्यात आधी मिग आणि पुढे सुखोई ही लढाऊ विमाने बांधली गेली, तिथे कच्चा कारागीर टिकत नाही. परंतु तिथली शिस्त अशी की ज्याने काम केले त्याने ते स्वतःच पास करायचे नसते. निरीक्षक येतो, पाहतो, शिक्का मारतो आणि मगच पुढचा पत्रा चढतो. तुमच्या पार्किंगमध्ये काम करणारे तेच आणि पास करणारेही तेच आहेत. आयुष्यभर दुसऱ्याच्या शिक्क्याची वाट पाहिलेल्या माणसाला निवृत्तीनंतर ही मोकळीक सुखाची वाटत असेल, हे मी समजू शकते, तरीही ती धोक्याची आहे. सुदैवाने तुम्ही नाशिकला राहता. निरीक्षण विभागातून निवृत्त झालेले एखादे गृहस्थ ओझरला किंवा तुमच्या इंदिरानगरच्या बाजूला सापडणे मुळीच अवघड नाही. पंखाचा आतला भाग पत्र्याने कायमचा बंद होण्याआधी अशा माणसाने तो पाहून वहीत सही करावी, ही अट तुम्ही घाला. ती त्यांना अपमानाची वाटणार नाही, कारण त्यांच्याच कारखान्याची ती रीत आहे.

पैशांकडे येऊ. तुमचे पत्र वाचताना असे जाणवले की “विमान” हा एकच मोठा खर्च आहे आणि त्याला होकार किंवा नकार एवढेच पर्याय आहेत, असे तुम्हाला वाटते. किट मात्र बहुधा टप्प्याटप्प्याने विकले जाते : आधी शेपूट, मग पंख, मग फ्युजलाज म्हणजे विमानाचे धड आणि सर्वांत शेवटी इंजिन, प्रोपेलर व कॉकपिटमधली उपकरणे. शेपूट आधी देण्यामागे हेतूच असा असतो की तुलनेने थोड्या पैशांत माणसाला कळावे, आपल्याला हे काम झेपते का आणि आवडते का. यजमानांच्या बाबतीत ते कळून चुकले आहे. पण खरा खर्च अजून पुढेच आहे. म्हणून केवळ पंखांची किंमत ऐकून मान डोलावू नका. शेवटच्या टप्प्यापर्यंतचा संपूर्ण हिशेब त्यांच्याकडून कागदावर लिहून घ्या. त्यात जहाजाचे भाडे, न्हावाशेवा बंदरातून माल सोडवण्याचा खर्च, सीमाशुल्क आणि डॉलर महागला तर काय, हे सगळे यायला हवे. आगाऊ रकमेचाही विचार करा. डिसेंबर २०२३ मध्ये व्हॅन्स एअरक्राफ्ट या अमेरिकेतल्या नावाजलेल्या किट कंपनीने दिवाळखोरीच्या कायद्याखाली संरक्षण मागितले, तेव्हा आधी पैसे भरलेल्या ग्राहकांपुढे वाढीव किमतीला मान्यता देण्याची वेळ आली. कंपनी पुढे सावरली, परंतु त्या काळात ज्यांची निवृत्तीची पुंजी तिथे अडकली होती, त्यांची अवस्था काय झाली असेल याची कल्पना करा.

माझे मत विचाराल तर दोघांच्या आजारपणाची, घरदुरुस्तीची आणि किमान काही वर्षांच्या घरखर्चाची रक्कम आधी वेगळी काढावी, ती तुमच्या नावावर ठेवावी, आणि विमान उरलेल्यात बसवावे. बसत नसेल, तर शेपटीनंतर काही वर्षे थांबल्याने काही बिघडत नाही. तयार भाग कोरड्या जागी, पावसाळ्यात दमट हवा लागणार नाही असे झाकून ठेवले, तर ते टिकतात.

परवान्याचा विषय “शिकेन” या एका शब्दात संपणारा नाही. आपल्याकडे खाजगी वैमानिकाच्या परवान्यासाठी किमान ४० तासांचे उड्डाण लागते, लेखी परीक्षा असतात आणि वैद्यकीय तपासणी उत्तीर्ण व्हावी लागते. विमानालाही नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाकडे नोंदणी आणि उड्डाणाची परवानगी लागते. कांदिवलीच्या इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधणारे कॅप्टन अमोल यादव तुम्हाला ठाऊक असतील. २०१६ मध्ये मुंबईच्या ‘मेक इन इंडिया’ प्रदर्शनात लोकांनी ते विमान डोळे भरून पाहिले, पण त्याची नोंदणी व्हायला २०१७ चा नोव्हेंबर उजाडला आणि उड्डाणाची परवानगी त्याहीनंतर मिळाली. ते स्वतः व्यावसायिक वैमानिक होते, हेही लक्षात घ्या. घरापासून जवळ असली, तरी ओझरची धावपट्टी एचएएलची, म्हणजे यजमानांचा कारखाना चालवणाऱ्या हिंदुस्तान एरोनॉटिक्सची आहे, तिथे कोणालाही विमान नेऊन उभे करता येत नाही. तेव्हा तयार विमान कुठे ठेवणार आणि कुठून उडवणार, याचेही उत्तर हवे. या सगळ्यात वैद्यकीय तपासणी सर्वांत स्वस्त आणि सर्वांत लवकर होणारी आहे. ती पंखांच्या ऑर्डरच्या आधी करून घ्यायला सांगा. रक्तदाब, साखर किंवा डोळे आडवे आले, तर विमान बांधण्याचा आनंद ते तरीही घेऊ शकतात, फक्त ते कोणासाठी बांधत आहेत हे त्यांना आधी माहीत असेल.

राहिला साखरपुडा. तुमच्या पत्रातले सर्वांत दुखरे वाक्य तेच आहे आणि तुम्ही ते घाईने ओलांडून पुढे गेला आहात. ज्या बाईने रोज संध्याकाळी पत्र्याआड बसून हे विमान जोडले, तिला पुढचा टप्पा पाहुण्यांच्या गर्दीत नणंदेकडून कळावा, हे चुकीचे झाले. नकाराची धास्ती असली की पुरुष बहिणीकडे आधी बोलून बसतात, हा काही नवा प्रकार नाही. पण त्यांना धास्ती वाटली म्हणून तुमचा अपमान कमी होत नाही. हे त्यांना सांगा, मुलाला मध्ये न घालता आणि नणंदेचे नाव न काढता : “तुम्ही मला विचारले नाहीत, याचे मला वाईट वाटले.” हे वाक्य विमानावरच्या मतापासून वेगळे ठेवा, नाहीतर ते लगेच पंखांच्या उपयुक्ततेवर बोलू लागतील.

घरी विमान बांधणारे लोक कामाची तारीखवार, छायाचित्रांसह नोंद ठेवतात, कारण काम कोणी आणि कसे केले याचा तोच पुरावा असतो. यजमानांचीही अशी वही असणार. ती मागून पाहा आणि शेपटीच्या पानांवर तुमचे नाव आहे का ते तपासा. नसेल, तर त्यांना ते लिहायला लावा, मागच्या तारखांसह.

शेजारच्या काकूंची तक्रार मात्र यापुढे तुम्ही ऐकून घेऊ नका. काठावरचे बरेच रिव्हेट हाताच्या स्क्वीझरने आवाज न करता दाबता येतात, हे यजमानांना माझ्यापेक्षा चांगले ठाऊक आहे, आणि उरलेल्यांसाठी रिव्हेट ठोकणाऱ्या गनची वेळ कोणती ठेवायची हे त्यांनी स्वतः काकूंकडे जाऊन ठरवावे.