सुईवर काय आहे?

अनेक आशीर्वाद.

परवा तू आलीस, चहा घेतलास, सगळ्यांचं विणकाम हातात घेऊन पाहिलंस आणि तुझी पिशवी मात्र पायाशी बांधलेलीच राहिली. निघताना दारात म्हणालीस, "काकू, पूर्ण झालं की दाखवीन." तू चपला घालायच्या घाईत होतीस म्हणून तेव्हा बोलले नाही.

अगं, आम्ही शनिवारी विणत-वाचत एकत्र बसतो, तिथे पूर्ण झालेलं कुणी आणतच नाही. झालेला स्वेटर ज्याचा त्याच्या अंगावर जातो, वाचून झालेलं पुस्तक वाचनालयात. आम्ही एकमेकींना दोनच गोष्टी विचारतो: सुईवर काय आहे आणि सोबत काय वाचतेयस? दोन्ही अर्धवट असतं म्हणून तर गप्पा रंगतात. झालेल्या शालीला "छान गं" म्हटलं की विषय संपला. अर्ध्या बाहीवर पाच जणी तुटून पडतात, आणि अर्ध्या कादंबरीवर तर भांडणंसुद्धा होतात. एकीने शेवट सांगून टाकला म्हणून दुसरी महिनाभर तिच्याशी धड बोलत नव्हती.

तुझी बाही पिशवीतून डोकावत होती, ती मी पाहिली. फार घट्ट आलीय. नमुना अमेरिकन आहे ना? त्यांचा ८ नंबर म्हणजे ५ मिलिमीटरची सुई. आपल्या दुकानात ८ नंबर मागितलास तर जुन्या इंग्रजी मापाची, ४ मिलिमीटरची मिळते. गंमत म्हणजे आपल्याकडे नंबर वाढला की सुई बारीक होत जाते आणि त्यांच्याकडे जाड. म्हणून नंबर विसर, मिलिमीटर बघ. नमुन्यात १० सेंटीमीटरला १८ टाके असतील आणि तुझ्या हाताने २२ बसत असतील, तर ९० टाक्यांची पाठ ५० सेंटीमीटरऐवजी ४१ भरेल. पुढचा भागही तसाच. स्वेटर धाकट्या भावाला द्यावा लागेल. आधी त्याच सुईने छोटा चौकोन विणून टाके मोजले असतेस तर एका संध्याकाळीच कळलं असतं, पण कंटाळा मीही करते. पाठीऐवजी बाही आधी घेतलीस हे बरं केलंस, तिनेच चौकोनाचं काम केलं. आता ती उसव. एकटीने उसवू नकोस मात्र, शनिवारी इथे येऊन उसव. मी गुंडा करीन.

वाचता वाचता विणता कसं, असं विचारलं होतंस. कुठल्याही विणकामाबरोबर कुठलंही पुस्तक चालत नाही, एवढंच त्यातलं इंगित. गोल सुईवर टोपी विणत असशील तर काम उलटवायचं नसतं, नुसते सुलटे टाके फिरत राहतात. बोटांना सवय झाली की डोळे मोकळे. तिथे कादंबरी घे. सरळ मफलर, दोन्ही बाजूंनी सुलट, हाही तसाच. वेणीची वीण किंवा जाळी असेल तर पुस्तक मिटायचं, कुणी वाचून दाखवणार असेल तरच ऐकायचं. मोज्याच्या टाचेला तर मी रेडिओही बंद करते. आणि कितीही उत्कंठा लागली तरी सुई मध्ये सोडून पान उलटायचं नाही. ओळ संपव, मग पान.

हा नियम मी कुठे शिकले ते सांगते. ह्यांच्या निळ्या स्वेटरचा गळा घेत होते, एकाआड एक सुईला, म्हणजे ओळीला, दोन टाक्यांचा एक करायचा होता. सोबत लक्ष्मीबाई टिळकांचं आत्मचरित्र, 'स्मृतिचित्रे'. त्यांचे यजमान नारायण वामन टिळक ख्रिस्ती झाल्याची बातमी येते, १८९५ सालची गोष्ट, आणि बाईंचं जे होतं ते वाचताना मी दहा सुया सरळ विणून गेले. एक टाका कमी केला नाही. गळ्याची डावी बाजू वर चढली. लक्षात आलं तेव्हा शेवट झाला होता आणि उसवायची इच्छा उरली नव्हती. ह्यांनी तो तसाच आठ हिवाळे घातला. आजही कपाटातून काढला की त्या जागी बोट ठेवून मी पान सांगू शकते.

तुला सध्या काय द्यावं? दुर्गाबाई भागवतांचं 'ऋतुचक्र' घे. चैत्रापासून फाल्गुनापर्यंत महिन्यांचे बारा लेख आहेत, एका बैठकीत एकच वाचायचा. त्यातलं वाक्य वाचून माणूस खिडकीबाहेर बघतो आणि तेवढ्यात चार टाके होतात. मग 'बनगरवाडी'. धनगरांच्या वाडीवर मास्तर म्हणून गेलेल्या पोराची गोष्ट, आकाराने लहान. हातात लोकर असताना मेंढरांबद्दल वाचलं की जरा ओशाळायला होतं. आपण जिला लोकर लोकर म्हणतो तिच्या वेष्टनावर बघ, बहुतेक वेळा शंभर टक्के ॲक्रिलिक. मेंढीशी तिची ओळखसुद्धा नाही. खरी दख्खनी मेंढीची लोकर काळी, भरड. तिच्या सुताला चिंचोक्याची खळ लावून सनगर समाजातले विणकर घोंगडी विणतात. माझ्याकडे एक आहे, ये तेव्हा हात लावून बघ. बाळाची कुंची तिची होणार नाही, पण पावसात अंगावर घेतली की कळतं.

जाड बांधणीचं पुस्तक उघडं राहत नाही, त्याला कपडे वाळत घालायचे दोन चिमटे लाव. दिवाळी अंकाला तेही लागत नाहीत, मांडीवर उशी ठेवून वर पसरला की झालं. 'मनोरंजन' मासिकाने १९०९ मध्ये पहिला दिवाळी अंक काढला तेव्हा विणणाऱ्या बायका काही त्यांच्या डोळ्यांसमोर नसतील, पण थंडी सुरू होताना हातात येणारं, गुंडाळी न होणारं वाचन आम्हाला आयतंच मिळालं.

एक वही कर. डाव्या पानावर विणकाम: लोकर, सुईचं माप मिलिमीटरमध्ये, किती सुया झाल्या. उजव्या पानावर त्या दिवशी वाचलेलं. छान अक्षर काढू नकोस, फोटोही नकोत. माझ्या वहीत एका पानावर नुसतं लिहिलंय, "१४ सुया उसवल्या. पुस्तक आवडलं नाही, सोडलं." शनिवारी मी तेच वाचून दाखवलं, तर त्यावर तासभर बोलणं झालं. सोडून दिलेल्या पुस्तकांवर माणसं जास्त मोकळेपणाने बोलतात, असा माझा अनुभव आहे.

तर या शनिवारी चार वाजता. बाही आण, जे काही अर्धं वाचलं असेल ते आण. ५ मिलिमीटरची गोल सुई माझ्याकडे जास्तीची आहे, विकत घेऊ नकोस. आणि येताना कोपऱ्यावरून पाव लिटर दूध घेऊन ये, सहा जणींच्या चहाला आमच्याकडचं पुरत नाही.

तुझी,
काकू