गाडीचं नंतर, आधी नानांच्या खात्यातून जाणारे तीन लाख थांबवा

एरंडोलहून एका 29 वर्षांच्या वाचकाचं पत्र आलंय. जळगाव एमआयडीसीत नोकरी, हातात पगार 38,000, लग्न व्हायचंय. पुणे पासिंगची 2016 ची फोक्सवॅगन पोलो जीटी टीएसआय त्यांना सव्वापाच लाखांत मिळतेय. स्वतःचे पावणेदोन लाख जमलेत. उरलेल्या साडेतीन लाखांसाठी 14 टक्क्यांनी पाच वर्षांचं कर्ज काढू, की घरातल्या वडीलधाऱ्या नानांच्या बँकेतल्या पैशांतून घेऊ, असा त्यांचा प्रश्न आहे. आणि जाता जाता एक ओळ: 'महामार्गात गेलेल्या जमिनीच्या मोबदल्याची 9 लाखांची एफडी नानांनी गेल्या वर्षी रिन्यू केली. बँकेतले साहेब म्हणतात अजून दोन वर्षं तीन-तीन लाख भरायचे आहेत, उरलेल्या सहा लाखांना हात लावू नका, पैसे डबल होतील.' सोबत त्या 'एफडीच्या पावतीचा' फोटो.

भाऊ, गाडीसाठी कर्ज नको आणि नानांचे पैसे तर अजिबात नकोत. कारण खाली सांगतो. पण तुम्ही पाठवलेला फोटो एफडीच्या पावतीचा नाही. ती आयुर्विम्याची पॉलिसी आहे.

फोटो मोठा करून पुन्हा वाचा. प्रस्तावक, म्हणजे पॉलिसी घेणारे, म्हणून नानांचं नाव आहे, पण विमा उतरवलाय तुमचा. वार्षिक हप्ता 3,00,000. हप्ते भरण्याची मुदत 10 वर्षं, पॉलिसीची मुदत 20 वर्षं. तीन हप्ते हे फक्त साहेबांच्या तोंडचं आहे, कागदावर ते कुठेच नाही. त्याच्या खाली बघा: नानांचा व्यवसाय 'व्यापार', वार्षिक उत्पन्न 12 लाख. तुम्हीच लिहिलंय की नानांची चार एकर कोरडवाहू आहे आणि कापूस निघाला तर निघाला. 61 वर्षांच्या शेतकऱ्याला दरवर्षी तीन लाखांचा हप्ता झेपेल असं दाखवण्यासाठी कुणीतरी हा आकडा भरलाय, आणि खाली नानांची सही घेतलीय. तुमच्या मोबाइलवर आलेला ओटीपी तुम्ही 'रिन्यूअलचा असेल' म्हणून सांगून टाकलात, तोही याच फॉर्मसाठी होता. दहा वर्षांचे तीस लाख होतात. तुमच्या घरात त्यातले आता सहाच उरलेत. आणखी दोन हप्ते भरले की खातं रिकामं, आणि नऊ लाख अशा पॉलिसीत अडकलेले जिचा चौथा हप्ता कुणालाच भरता येणार नाही.

'डबल' म्हणजे नेमकं किती, तेही बघून घ्या. दहा वर्षं तीन-तीन लाख भरायचे आणि विसाव्या वर्षी साठ लाख घ्यायचे, असं धरू. तुमचा प्रत्येक रुपया सरासरी साडेपंधरा वर्षं अडकतो. एवढ्या काळात दुप्पट म्हणजे व्याजाचा दर साडेचार टक्के. पोस्टातल्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत 8.2 टक्के मिळतात. वीस वर्षांनी नाना 81 चे असतील. त्यांना पैसे आता लागतात, औषधाला आणि बियाण्याला. मोबदल्याचा आणि केळीचा पैसा खात्यात पडला की गोड बोलून तो अशा पॉलिसीत वळवणारे मी जिल्ह्यात वर्षानुवर्षं बघतोय. दर वेळी वाक्य तेच असतं, 'एफडीसारखंच आहे, फक्त जास्त मिळतं.' मला याचा मनापासून संताप येतो.

पुढचा हप्ता पुढच्या महिन्याच्या 14 तारखेला आहे. फॉर्मवर ऑटो डेबिटला संमती दिलेली आहे, म्हणजे कुणी विचारणार नाही, त्या दिवशी खात्यातून तीन लाख परस्पर जातील. म्हणून पहिलं काम हे की बँकेत लेखी अर्ज देऊन ते मँडेट, म्हणजे पैसे परस्पर वळते करायची ती परवानगी, रद्द करा. दुसरं, सहा लाख त्या खात्यातून हलवा आणि पोस्टात नानांच्या नावावर ज्येष्ठ नागरिक योजनेत ठेवा. वर्षाला 49,200, म्हणजे दर तिमाहीला 12,300 नानांच्या हातात येतील.

गेलेल्या तीन लाखांचं काय? पॉलिसी परत करण्याचे 30 दिवस कधीच संपलेत. तरी तक्रारीचा मार्ग उघडा आहे. विमा कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला आणि बँकेला, दोघांनाही लिहा: एफडी सांगून पॉलिसी विकली, उत्पन्न खोटं भरलं, पूर्ण हप्ता परत करा. सातबारा जोडा. आणि पैसे भरायच्या स्लिपच्या पाठीमागे साहेबांनी पेनाने '3+3+3=9, डबल 18' असं लिहून दिल्याचं तुम्ही सांगता, ती स्लिप जपून ठेवा, कुणालाही मूळ कागद देऊ नका. तुमच्याकडचा सगळ्यात मोठा पुरावा तोच आहे. महिन्याभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपालाकडे, म्हणजे विम्याच्या तक्रारींचा निवाडा करणाऱ्या अधिकाऱ्याकडे, जा. खान्देशासाठी पुण्याचं कार्यालय आहे. फी नाही, वकील लागत नाही. कंपनी तुमच्या ओटीपीवर आणि पडताळणीच्या फोनवर बोट ठेवेल, त्यामुळे निकाल तुमच्याच बाजूने लागेल असा भरवसा मी देत नाही. ऑक्टोबर 2024 पासूनच्या नियमांनी एकच हप्ता भरलेला असला तरी वर्ष पूर्ण झाल्यावर सरेंडरची, म्हणजे पॉलिसी मध्येच बंद केल्याची, काही रक्कम मिळते. आकडा कंपनीकडून लेखी मागून ठेवा, पण तक्रारीचा निकाल लागेपर्यंत सरेंडरच्या फॉर्मवर सही करू नका. अगदी अर्धे पैसे बुडाले तरी दीड लाखाचं नुकसान. ते वाचवायला आणखी सहा लाख घालायचे नाहीत.

आता गाडी. हौस चुकीची नाही. 105 पीएसचं ते इंजिन खरंच मजा देतं आणि त्या पैशांत तेवढी पळणारी गाडी सहज मिळत नाही. पण साडेतीन लाखांचा हप्ता 8,100, पाच वर्षांत व्याज 1 लाख 40 हजार. रोज एरंडोल-जळगाव जाऊन-येऊन साठेक किलोमीटर म्हणजे महिन्याचं पेट्रोल साडेबारा हजार. विमा आणि सर्व्हिसिंगचे तीन हजार धरा. 38,000 पैकी साडेतेवीस हजार गाडीच खाते. नोंदणी 2031 पर्यंत, म्हणजे कर्ज फिटेल तेव्हा तीही संपत आलेली असेल. त्यात या मॉडेलचा सात गिअरचा ड्राय क्लच डीएसजी, म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. 45 अंशांच्या मे महिन्यात आकाशवाणी चौक ते अजिंठा चौफुली रेंगाळत गेलात की तो क्लच तापतो, आणि गिअरबॉक्स चालवणारं मेकॅट्रॉनिक युनिट गेलं तर खर्च लाखाच्या वर जातो.

लग्नसराईत गाडी भाड्याने देऊन हप्ता काढायचा तुमचा विचार सोडाच. पांढऱ्या पाटीची गाडी भाड्याने चालवणं बेकायदा आहे, आणि त्या फेरीत अपघात झाला तर विमा कंपनी क्लेम नाकारेल.

सध्या बाइक चालू द्या. हप्ता आणि वाचलेलं पेट्रोल धरून महिन्याला 12 हजार बाजूला टाका, दीड वर्षात दोन लाखांच्या वर जमतील. आजचे पावणेदोन लाख मात्र अडीअडचणीसाठी राहू द्या. मग रोखीने एखादी मॅन्युअल पेट्रोल स्विफ्ट बघा. अंगाने हलकी असल्यामुळे ती हायवेला छान पळते, आणि कुठल्याही गावात दुरुस्त होते. आरसीवर बँकेचा बोजा आहे का ते तपासा आणि इंजिन थंड असताना स्वतः सुरू करून बघा. तुमच्या नावावर एक कोटीचा टर्म विमा, म्हणजे फक्त मृत्यू झाला तरच घरच्यांना पैसे देणारा विमा, वर्षाला दहा-बारा हजारांत बसेल, तो गाडीच्या आधी घ्या.

बँकेत नानांना एकटं पाठवू नका. साहेब त्यांना चहा पाजतील आणि अर्ज खिशातच राहील. सुट्टी टाकून सोबत जा, अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारखेसह पोच घ्या, आणि ती मिळाल्याशिवाय खुर्चीवरून उठू नका.