एमबीबीएसला आरोग्यातली विषमता प्रत्यक्ष शिकवतात का, की फक्त पुस्तकात?

शिकवतात, निदान अभ्यासक्रमात तरी आहे. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये 'कुटुंब दत्तक' कार्यक्रम आणला: पहिल्या वर्षापासून गावातली काही कुटुंबं घ्यायची आणि पुढे त्यांच्याकडे जात राहायचं. कल्पना नवी नाही. १९६९ साली सुरू झालेल्या सेवाग्रामच्या वैद्यकीय महाविद्यालयात प्रत्येक तुकडी एक गाव दत्तक घेते, सुरुवातीला तिथे मुक्कामही करते. मी हाच विषय शिकवतो, म्हणून एक सांगतो: नुसतं बीपी मोजून लॉगबुक भरलं तर काहीही कळत नाही. गोळ्या मध्येच का सोडल्या, दवाखान्यात गेलं की त्या दिवसाची मजुरी बुडते का, घरातल्या बाईला एकटीने जाता येतं का, हे विचारलं तरच उजेड पडतो. जातीचा विषय मात्र बहुतेक वेळा फॉर्ममधल्या रकान्यापुरताच राहतो.