उत्तर: वाइन द्राक्षाच्या करारावर सही करण्याआधी तोडणी कोण ठरवणार ते बघा

मोहोळ भागातल्या ज्या भावांनी विचारलंय की सोनाकाची, म्हणजे लांब मण्याच्या खायच्या द्राक्षाची, जुनी दोन एकर बाग काढून वाइनची द्राक्षं लावू का, कंपनीचा माणूस करार घेऊन घरी चकरा मारतोय, शिराझ ही लाल वाइनची जात लावा म्हणतोय, त्यांच्यासाठी लिहितोय. तुमची पोस्ट वाचली आणि आमच्या ओट्यावर झालेलं बोलणंच परत ऐकल्यासारखं वाटलं. डिपिंग (घड मणी फुगवायच्या संजीवकात बुडवणं) नाही, मण्यांची विरळणी नाही, मजूर कमी, भाव आधीच ठरलेला. या चारही गोष्टी खऱ्या आहेत बरं का. त्या माणसाला मी खोटं पाडत नाही. तोडणीचा दिवस कोण ठरवणार, एवढं मात्र तो आपणहून सांगणार नाही.

आधीच सांगतो, मी द्राक्षतज्ज्ञ नाही, शिराझच्या करारात पोळलेला शेतकरी आहे. माझी जमीन काळी, चुनखडीची, पाणी बोअरचं. तुमचं वेगळं असेल तर त्या हिशोबानं वाचा. लागवडीचं अंतर, ठिबक, औषधांचं वेळापत्रक यावर काही लिहीत नाही. ज्यानं सोनाका सांभाळलीय त्याला ते काय सांगायचं.

नान्नजच्या नानासाहेब काळे यांनी सोनाका दिली तेव्हापासून आपल्या सोलापूर जिल्ह्याची नजर लांब मण्यावर आणि वजनावर बसलीय. वाइनला ती नजर नडते. तिथं मणी बारीकच हवा, कारण रंग आणि चव सालीत असते. मणी फुगला की रस वाढतो आणि सालीचं प्रमाण घटतं. म्हणून जीए, म्हणजे मणी फुगवायचं संजीवक, नाही. माल एकरी 4-5 टनांवर धरायचा, म्हणजे आपल्या खायच्या द्राक्षाच्या निम्म्याहून कमी. भावाला टनानं गुणताना हे विसरू नका.

आता सोलापूरचं खरं दुखणं. नाशिककडं जानेवारी-फेब्रुवारीत रात्री गार असतात, त्यामुळं साखर चढताना आंबटपणा टिकून राहतो. आपल्याकडं फेब्रुवारी सरला की दिवसाचा पारा 35 च्या पुढं आणि रात्रही कोमट. उष्णतेत मण्यातलं मॅलिक आम्ल झपाट्यानं जळतं. साखर चढते, आंबटपणा उतरतो, रसाचा पीएच वर जातो (आंबटपणा कमी तेवढा हा आकडा जास्त). लाल वाइनला साधारण 23-24 ब्रिक्स (रसातली साखर) आणि 3.4 ते 3.6 पीएच असा माल मागतात. पीएच 3.8 च्या पुढं गेला की वाइनचा रंग मळतो, ती बिघडायची भीती वाढते, कंपनीला टार्टारिक आम्ल जास्त घालावं लागतं आणि तो खर्च शेवटी आपल्या बिलातून निघतो. माल नेमका बसतो ते दिवस आपल्याकडं मोजकेच.

मग छाटणी लवकर घ्या म्हणाल. सप्टेंबरात गोडी छाटणी, म्हणजे फळासाठीची छाटणी, घेतली तर पोंग्यातच, डोळे फुटतानाच, परतीचा पाऊस. आपल्याकडं वर्षातला जास्तीत जास्त पाऊस सप्टेंबरातच पडतो, आणि तेव्हा डाऊनी हा बुरशीचा रोग घडावर गेला की फवारून काही हाती लागत नाही. ऑक्टोबर अखेर घेतली तर माल ऐन मार्चच्या उन्हात तयार होतो. दोन्हीकडून मार आहे. मी ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात घेतो. हे माझं मत झालं, शास्त्र म्हणून धरू नका.

आता ज्यानं मला सगळ्यात जास्त बुडवलं ते. कंपनी जिल्ह्याबाहेरची, नाव इथं घेणार नाही आणि मेसेज करूनही विचारू नका. करारात एक ओळ होती : ‘तोडणीचा दिवस कंपनी ठरवेल, प्रत वायनरीच्या गेटवर तपासली जाईल.’ वाचायला किती साधी! शिराझ तयार झाली, ब्रिक्स 23.5 आला, बी तपकिरी होऊन दाताखाली करकर वाजायला लागली. खरेदी ऑफिसला फोन केला तर उत्तर आलं, ‘टाक्या भरल्यात, रिकाम्या झाल्या की गाडी पाठवतो.’ दुसऱ्या फोनला साहेब मीटिंगमध्ये. तिसऱ्याला मला म्हणाले, ‘पाणी थोडं वाढवा, माल थांबतो.’

शिराझ थांबत नसते. या जातीचा मणी एका टप्प्यानंतर वेलीवरच पाणी सोडायला लागतो. सकाळी बागेत गेलो की घडाच्या खांद्यावरचे मणी हाताला फुग्यातली हवा गेल्यासारखे लागायचे. ब्रिक्स रोज चढताना दिसतो आणि माणूस खूश होतो, पण साखर नव्यानं भरत नसते. मण्यातलं पाणी उडून आहे तेवढाच रस घट्ट होतो. आपल्याला पैसे वजनावर, म्हणजे वजन आपलं गेलं. गाडी आली तोवर ब्रिक्स 27 च्या वर आणि पीएच 4 ला टेकलेला. वर रात्रभराचा प्रवास, क्रेटच्या तळाला रस सुटलेला. गेटवर त्यांच्याच माणसानं, त्यांच्याच मीटरवर तपासलं आणि ‘दुय्यम प्रत’ शिक्का मारला. नमुना घेताना मी हजर नव्हतो, कारण हजर राहायचा हक्कच करारात नव्हता.

तक्रार घेऊन एका सरकारी ऑफिसात गेलो. तिथं म्हणाले, हा दारूचा विषय, दुसरीकडं जा. दुसरीकडं म्हणाले, द्राक्ष द्राक्ष आहे तोवर आमचा संबंध नाही, त्याचा रस आंबला की या. खुर्चीवर बसून इतकं अचूक बोलता येतं हे तेव्हा कळलं. असो, त्यावर लिहीत बसलो तर मूळ उत्तर बाजूला राहील.

तर करारात काय हवं? नमुना बागेतच, दोघांनी मिळून घ्यायचा आणि आकडे दोघांच्या सहीनं लिहायचे. ब्रिक्स आणि पीएच ठरलेल्या मर्यादेत बसले की 48 तासांत माल उचलायची जबाबदारी कंपनीची. त्यानंतर वजन घटलं किंवा पीएच चढला तर ते त्यांच्या खाती. माल नाकारला तर कारण लेखी, आकड्यासकट. भाव नुसत्या ब्रिक्सवर नको, कारण मग जास्त पिकवायचा मोह दोघांनाही होतो. मजकूर तालुक्याच्या वकिलाला दाखवा, माझ्या भरवशावर सही करू नका. आणि कंपनी म्हणाली की हा छापील करार आहे, बदलत नाही, तर मी तरी बाग लावणार नाही. कुणाला हे टोकाचं वाटेल, वाटू दे.

कारण आपल्याला दुसरा रस्ता नाही. सोनाकाचा भाव पडला तर व्यापारी बदलतो, नाहीतर माल रॅकवर टाकून बेदाणा करतो. शिराझ बारीक, जाड सालीची, बियांची. ती बाजारात कोणी खात नाही आणि बेदाण्यालाही चालत नाही. 2008 च्या मंदीनंतर नाशिक भागात वायनऱ्यांनी हात आखडले आणि शेतकऱ्यांनी वाइनच्या बागा उपटल्या, त्याचं कारण हेच. 2022 च्या जानेवारीत सुपरमार्केटात वाइन विकायचा निर्णय झाला तेव्हा आमच्याकडंही दोघा-तिघांनी रोपांची चौकशी केली होती. बातमी बघून बाग लावायची नसते.

तरीही वाइन सोलापूरला जमतच नाही असं म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. अकलूजच्या बाजूला माळशिरस तालुक्यात फ्रान्समधून रोपं आणून बागा उभ्या केल्या, सांजोवेजेसारखी इटलीची जात तिथं चालते. पण तिथं बाग आणि वायनरी शेजारी आहेत, सकाळी तोडलेला माल उन्हं चढायच्या आधी वायनरीत जातो. आपल्याला ती सोय नाही, म्हणून कागद पक्का हवा. कंपनी लांबची असेल तर मी शिराझपेक्षा कॅबरने निवडेन. सालीला अजून जाड, घड मोकळा, थोडी वाट बघू शकतो. पांढऱ्या वाइनच्या जातींत शेनिनचा घड गच्च असतो, अवकाळीत आतून सडतो.

आता खुंट, म्हणजे ज्याच्यावर वेलीचं कलम बांधतो तो. आपल्याकडं सवयीनं डॉगरीज. खाऱ्या पाण्यासाठी म्हणून तो लावतात, पण वेल माजते आणि पालाशही भरपूर ओढते. पालाश मण्यात गेला की टार्टारिकला बांधून टाकतो आणि पीएच आणखी चढतो. पाणी बरं असेल तर 110 आर हा खुंट बघा, तो वेलीला आवरून धरतो. मण्यात पाणी उतरल्यावर, म्हणजे मणी मऊ पडायला लागल्यावर, झीरो-झीरो-फिफ्टी हे पालाशचं खत सोडायची आपली जी पक्की सवय आहे, ती वाइनच्या बागेत बंद. पानदेठ तपासणीत कमतरता दिसली तर गोष्ट वेगळी. सोनाकाला जे गोडी देतं तेच इथं पीएच बिघडवतं, आणि औषधाच्या दुकानात हे कुणी सांगणार नाही. पुण्याजवळच्या मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राशी बोला, खुंटाबद्दल दुकानदारापेक्षा तिथं विचारलेलं बरं.

दोन-चार सुटे मुद्दे. उभ्या तारांवर बाग करणार असाल तर पश्चिमेकडची पानं काढू नका. घडाला मोकळं करायचं ते पूर्वेच्या अंगानं, नाहीतर दुपारच्या उन्हानं पश्चिमेचे मणी वेलीवरच भाजतात. ब्रिक्स मोजायचा रिफ्रॅक्टोमीटर सगळेच घेतात, त्याबरोबर खिशात मावणारा पीएच मीटर आणि तो जुळवायला 4 व 7 पीएचची बफर द्रावणंही घ्या. एकाच गोड मण्यावर ब्रिक्स बघू नका. दोन्ही बाजूंचे, घडाच्या वरचे-मधले-खालचे मणी एकत्र चुरून बघा, तेही सकाळी. पक्ष्यांची जाळी खर्चात धरा, बारीक गोड मण्यावर साळुंक्या तुटून पडतात.

एआरआय-516 बद्दलही कुणीतरी खाली विचारलंय. पुण्याच्या आघारकर संस्थेची जात, रसाला आणि बेदाण्यालाही चालते, म्हणजे निदान एक दार उघडं राहतं. मी स्वतः लावलेली नाही, त्यामुळं जास्त बोलत नाही.

भाऊ, करारातली तोडणीची आणि तपासणीची ओळ कंपनीचं नाव झाकून इथं टाका, बघून सांगतो. आणि बोअरच्या पाण्याचा रिपोर्ट जोडा. सोडियम किती आहे ते कळल्याशिवाय डॉगरीज की 110 आर यावर पुढं बोलता येणार नाही.