गालावरचे काळे मस काढावेत का?

प्रश्न : वय ४७. गालांवर, डोळ्यांखाली आणि मानेवर मोहरीएवढे काळे मस वाढत चालले आहेत. दुखत नाहीत, खाजत नाहीत. आईलाही होते. पार्लरमध्ये चुना-सोडा लावून काढून देतो म्हणतात. काढून घेऊ का?

उत्तर : काढा हवं तर, पण चुन्याने नाही. वर्णनावरून हा ‘डर्मॅटोसिस पॅप्युलोसा नायग्रा’ वाटतो. नाव भयंकर, प्रकार निरुपद्रवी. सावळ्या त्वचेचा वरचा थर जागोजागी जाड होऊन १ ते ५ मिलिमीटरचे उंचवटे येतात आणि बहुधा घराण्यात चालत येतात. ते संसर्गाने पसरत नाहीत, कर्करोगातही बदलत नाहीत. वांग सपाट असतो, बोटाला लागत नाही; म्हणून वांगाचं क्रीम मसावर फुकट जातं.

चुना-सोडा किती खोल जाळेल, हे लावणाऱ्याच्या हातात नसतं. मस जातो, मागे खड्डा उरतो किंवा मसापेक्षा मोठा डाग. त्वचारोगतज्ज्ञ सुन्न करणारं क्रीम ४५ ते ६० मिनिटं लावून ठेवतात आणि रेडिओफ्रिक्वेन्सीची, म्हणजे उच्च वारंवारतेच्या विजेने जाळणारी, बारीक सुई कमी शक्तीवर वरच्या थरापुरतीच टेकवतात. पहिल्या खेपेला कानाजवळचे दोन-तीनच काढायला सांगा. सहा-आठ आठवड्यांत डाग पडला नाही, तर बाकीचे. घरात महिन्यावर लग्न असेल तर आत्ता हातच लावू नका!

खपली ७ ते १० दिवसांत आपोआप पडते. नखाने उचकटली की डाग ठरलेलाच. तोवर पेट्रोलियम जेली लावा. फेशियल, ब्लीच बंद. खपली पडल्यावर रोज सकाळी किमान एसपीएफ ३० चं सनस्क्रीन, तर्जनी आणि मधलं बोट भरेल एवढं. नवे मस मात्र पुढेही येऊ शकतात.

एखादा डाग एकाच बाजूने पसरत असेल, त्यात दोन-तीन रंग दिसत असतील किंवा रक्त येत असेल, तर तो जाळायचा नाही. तुकडा तपासणीला पाठवायचा. जाळलं की तपासायला काही उरत नाही. तळपाय आणि नखंही बघा. सावळ्या लोकांत मेलॅनोमा, म्हणजे रंगपेशींचा कर्करोग, क्वचित होतो, पण झाला तर बऱ्याचदा तिथेच.

प्रश्न : बाळाच्या कमरेखाली जन्मापासून निळसर डाग आहे. मार लागला असेल का?

उत्तर : नाही. रंगपेशी त्वचेत खोलवर राहिल्या की असा डाग दिसतो. बहुतेकदा शाळेत जायच्या वयापर्यंत फिकट होतो. काही लावू नका. फक्त बाळाच्या फाइलमध्ये त्याची नोंद करून घ्या, म्हणजे पुढे कोणी मुका मार समजणार नाही.